टाक्या भरलेल्या सापडल्या

ओलोमोउत्स, १४ फेब्रुवारी २०१७

माननीय श्रीमती वेंदुला हाब्रोवा,
इंधनटाक्या, गळती व आग विभाग, ब्रनो, यांस

महोदया,

आपल्या कंपनीने संगणकावर उडवण्यासाठी जे वेलिंग्टन बाँबर बनवले आहे, त्यातला इंधनाचा काटा अत्यंत बडबड्या आहे, अशी गंभीर तक्रार मी या पत्राद्वारे नोंदवू इच्छितो. खऱ्या विमानात हा काटा शून्यावर झोपलेला असे. खालचं बटण दाबून धरलं की तो उठे, टाकीत किती आहे ते सांगे, आणि बोट काढताच पुन्हा आडवा होई. आपला काटा कोणी विचारो न विचारो, अखंड खरं बोलत बसतो. हा स्वभाव संतांना शोभतो. विमानात नाही, आणि आमच्या शिक्षकखोलीत तर मुळीच नाही. तरी बटण बसवावं, ते दाबल्यावर 'टक्' असा आवाज यावा आणि बोट दुखेपर्यंत दाबावं लागावं, ही नम्र विनंती.

महोदया इथे संपली. वेंदुल्का, मी तुझा हिनेकमामा. तुझी आजी आणि माझी आई सख्ख्या बहिणी. आपली शेवटची भेट माझ्या आईच्या सत्तरीला झाली. तू नऊ वर्षांची होतीस आणि माझ्या सायकलचा डायनामो उघडून त्याचे सतरा भाग टेबलावर मांडले होतेस. जोडताना एक उरला. तो मी जपून ठेवला आहे. सायकलला त्याची उणीव भासलेली नाही.

तुमच्या 'व्लाश्तोव्का' या खेळाची चाचणीप्रत मी पैसे मोजून घेतली. त्रेपन्नाव्या वर्षी लॅटिनचा मास्तर बाँबर उडवतो म्हणून शाळेचा शिपाईसुद्धा हसतो. हसू दे. विमान छान आहे. रबराचं अस्तर भोक बुजवतं, मोठं भोक बुजवत नाही, गळती पंखाखालून पांढरी दिसते, हे सगळं तू केलंस असं शेवटच्या नामावलीत वाचलं आणि डायनामोबद्दल तुला माफ केलं.

पण सातवी मोहीम. जानेवारी १९४२, इंग्लंडच्या हवाई दलात लढणाऱ्या आपल्या चेक लोकांचं विमान, सहा जण. नकाशाखाली तुम्ही लिहिलं आहे: 'परतताना रेडिओवाला आर. झापलेताल राखीव टाक्या उघडायला विसरला. विमान इंग्लंडच्या किनाऱ्यावर कोसळलं, दोघे ठार. या वेळी तुम्ही विसरू नका.'

आर. म्हणजे रोस्तिस्लाव. माझे वडील. ते विसरले नव्हते.

हे वाक्य आजवर दोन फायलींत होतं, एक तिकडे इंग्लंडात, एक आपल्याकडे. २५ मेला तुमचा खेळ बाजारात आला की ते लाखभर लोकांच्या घरी जाईल, आणि शेवटी विनोदही आहे. त्याआधी ते वाक्य काढ. कसं काढायचं ते तू जाण. तू माझी भाची आहेस, आणि एक भाग देणं लागतेस.

तुझा,
हिनेकमामा

ब्रनो, २१ फेब्रुवारी

हिनेकमामा,

तुमचं पत्र ऑफिसात सगळ्यांनी वाचलं. पहिल्या परिच्छेदाला टाळ्या पडल्या. पुढचं मी माझ्या टेबलाशी एकटीने वाचलं.

मला हे माहीत नव्हतं, शप्पथ. आजी एवढंच सांगायची की बहिणीचा नवरा युद्धात इंग्लंडला होता आणि नंतर वीटभट्टीवर कामाला होता. मध्ये काय झालं ते कोणी बोललंच नाही.

मजकूर माझा नाही. आमचा मुख्य दालिमिल याने अपघाताच्या चौकशी अहवालावरून घेतलाय. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "अहवालात तसंच आहे. टाक्या भरलेल्या सापडल्या. मग काय, त्या आपोआप भरल्या?"

आता इंधनाचं. तुम्ही इतके बारकाईने बघता म्हणून खरं सांगते. त्या विमानात प्रत्येक इंजिनामागे एक राखीव टाकी होती. ती उघडण्यासाठी कोणीतरी उठून मागे जायचं, मधल्या तुळईशी दोन मुठी होत्या, त्या ओढायच्या. मुठीपासून टाकीच्या झडपेपर्यंत केबल. सायकलच्या ब्रेकला असते तशी. आमच्या विमानात मूठ आहे, झडप आहे, टाकी आहे. केबल नाही. म्हणजे दिसते, पण तिला अंग नाही. गोळी तिच्यातून आरपार जाते. मूठ ओढली की टाकी उघडते, मध्ये काही नाही. बाजारातल्या एकाही खेळात याहून जास्त नाही, हे मी छाती ठोकून सांगते.

तुम्ही म्हणता ते विसरले नव्हते. कशावरून? रागावू नका. दालिमिल मला हेच विचारणार.

तुमची,
वेंदुला

ओलोमोउत्स, २७ फेब्रुवारी

चि. वेंदुल्का,

रागावलो नाही. प्रश्न बरोबर आहे, आणि तो पंचाहत्तर वर्षांत इतक्या सभ्यपणे कोणी विचारला नव्हता.

आधी तुमच्या विमानाबद्दल. तुझी टाकी फुटते, गळते, पेटते, पुन्हा मिटते. पंप बंद पडतो. नळी चिरते. पण माणसाचा हात आणि टाकी यांच्यामध्ये जे आहे ते अमर. असं असेल तर दोष नेहमी हाताचाच निघणार. टाकी भरलेली, सबब हात गेला नाही. तुमचा दालिमिल आणि तो चौकशी अधिकारी, दोघांची बुद्धी एकाच दुकानातली.

याला आमच्या शास्त्रात नाव आहे. मी तरुणपणी एका रुग्णालयाच्या तळघरात बॉयलरमध्ये कोळसा टाकायचो. माझ्या पाळीचा जोडीदार एक पाद्री होता. सरकारने त्याचा परवाना काढून घेतला होता, संस्कृत काढून घ्यायचं राहून गेलं होतं. त्याने मला फावड्याच्या तालावर न्यायशास्त्र शिकवलं. धूर दिसला तर अग्नी असतो, पण अग्नी दिसला म्हणून धूर असेलच असं नाही. लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. बॉयलरचं दार उघडून तो मला गोळ्याऐवजी शेगडीची सळई दाखवायचा. "बघ, हिनेक. अग्नी. धूर कुठाय?" मूठ न ओढल्यास टाकी भरलेली राहते, हे खरं. पण टाकी भरलेली म्हणून मूठ ओढली नाही, हा हेत्वाभास. केबल तुटली असेल तरीही टाकी भरलेलीच राहील.

विमान ओहोटीच्या चिखलात पडलं. पंख आणि इंजिनं तिथेच रुतली, टाक्या भरलेल्या सापडल्या. मुठी आणि केबली ज्या धडात होत्या ते मोडून वेगळं झालं, आणि भरतीने नेलं. अधिकाऱ्याने जे हाती लागलं त्यावरून निकाल लिहिला. तुझे रोस्तिस्लाव आजोबा तेव्हा सव्वीस वर्षांचे, डोक्याला पट्टी. त्यांनी सांगितलं, "मी ओढली होती." अधिकाऱ्याने लिहून घेतलं, 'आपण ओढली असा त्यास भास होतो.' घरी परतल्यावर काही वर्षांनी आपल्याकडच्या कम्युनिस्ट सरकारने तेच वाक्य उचललं, फक्त विसरण्याच्या जागी मुद्दाम हा शब्द घातला. मग वीटभट्टी.

आता पुरावा. हसू नकोस. पुरावा संडासात आहे.

आमच्या जुन्या घरी पाण्याची टाकी वर आणि खाली लोंबणारी साखळी, तिला चिनी मातीची मूठ. बाबा ती नेहमी दोनदा ओढायचे. एकदा हळू, वजन बघायला, मग नीट. आई म्हणायची, "राष्ट्राचं पाणी वाचवा." ते म्हणायचे, "जड लागली की बरं असतं." आम्हाला ती घरातली गंमत होती.

मी अकरा वर्षांचा असताना एके दिवशी ती साखळी वरून तुटली. मला आत जायची घाई होती, म्हणून दार वाजवलं. उत्तर नाही. ढकललं. बाबा फरशीवर बसले होते, भिंतीला टेकून. हातात मूठ, मांडीवर साखळी. माझ्याकडे न बघता म्हणाले, "इतकीच हलकी आली होती."

मी म्हणालो, "बाबा, शेजाऱ्यांकडे जाऊ का?" मला वाटलं ते संडासाबद्दल बोलताहेत.

हे लिहिताना मला प्रथमच नीट कळतं आहे. न ओढलेल्या केबलीचं वजन कुणाला ठाऊक नसतं, वेंदुल्का. हलकी आली हे ज्याने ओढली त्यालाच माहीत.

सोबत आपल्याकडचे त्वारूझ्की पाठवतो. ब्रनोमध्ये मिळतात ते चीज नव्हे, साबण आहे.

हिनेकमामा

ब्रनो, १६ मार्च

हिनेकमामा,

तुमचं चीज दोन दिवस पार्सलखोलीत पडून होतं. दालिमिलने तिसऱ्या दिवशी उंदीर मेलाय म्हणून भिंतीमागची वायरिंगची नळी उघडायला लावली. सापडल्यावर मी आणि ओस्त्रावाची ब्लाझेना, दोघींनी बियरसोबत संपवलं. उरलेले सगळे आमच्यापासून चार टेबलं लांब बसले.

उत्तराला उशीर झाला कारण मी गणित करत होते. खेळाच्या बाहेर, वेगळा प्रयोग. विमानाचा सांगाडा घेतला, केबलींना खरी जाडी दिली, करंगळीच्या निम्मीपण नाही, आणि जुन्या आकृतीत जशा होत्या तशा ओवल्या. तुळईपाशी दोन्ही केबली हातभर एकमेकींना लागून जातात, मग एक डाव्या पंखात, एक उजव्या. त्या विमानाजवळ दहा हजार तोफगोळे फोडले. एक केबल तुटली असं तीनशे चाळीस वेळा. दोन्ही एकाच तुकड्याने तुटल्या आणि बाकी विमान उडत राहिलं असं अकरा वेळा.

अकरा, मामा. मी तुमच्यापासून लपवणार नाही.

हे घेऊन दालिमिलकडे गेले. तो वाईट नाही. त्याने कागद पूर्ण वाचला. म्हणाला, "दहा हजारांत अकरा. यासाठी मी तुला तीन आठवडे देऊ? विक्रीला दहा आठवडे राहिलेत, आणि तिकडे ढग अजून कापसासारखे दिसतात."

मी म्हटलं, "लॉटरी लागते तीही याहून कमी वेळा. तरी दर आठवड्याला कुणाला तरी लागते."

"म्हाताऱ्याला खूश करायचंय ना? नाव काढून टाकू. 'रेडिओवाला विसरला' एवढंच ठेवू. कोण ओळखणार?"

मला हे सुचवावंसं वाटलं नाही, पण कळवते. हे मान्य असेल तर आजच्या आज होईल. पाच मिनिटांचं काम आहे.

वेंदुला

ओलोमोउत्स, १८ मार्च

वेंदुल्का,

नाही.

नाव काढू नका. नाव काढलं तर माणूस जातो आणि आरोप राहतो. वीटभट्टीत त्यांना हेच सुचवलं होतं: आडनाव बदला, दुसऱ्या जिल्ह्यात जा, सोपं जाईल. ते त्याच पाटीखाली राहिले, झापलेताल, तिसरा मजला.

अकरा म्हणजे शून्य नव्हे. दालिमिलला सांग, मी म्हातारा नाही आणि खूशही व्हायचं नाही मला. मला ती केबल हवी आहे.

हिनेक

ब्रनो, ९ एप्रिल

मामा,

तुमचं पत्र मी त्याच्या टेबलावर ठेवलं. त्याने वाचलं आणि मला इंधनावरून काढून ढगांवर घातलं. शिक्षा नाही म्हणे, गरज आहे. मी सध्या सकाळी नऊ ते पाच पावसाळी ढगांच्या कडा कुरतडते.

पाचनंतरचा वेळ माझा आहे. केबल झाली आहे. घरच्या संगणकावर, कोणाला न विचारता. तिला अंग आहे, ती तुटते, अर्धवट चिरली तर ताणून तुटते. पुढच्या शुक्रवारी चाचणीच्या आवृत्तीत मी ती गुपचूप घालणार आहे. विचारलं तर सांगेन. नाही विचारलं तर नाही. नोकरी गेली तर आई म्हणेल हिनेकच्या घराण्याचा गुण.

एकाच गोष्टीशी अडले. तुटलेली केबल हाताला हलकी लागते. पण आमच्या खेळाडूच्या हातात काय असतं? प्लास्टिकचा माउस. त्याला जड नाही, हलकं नाही. वजन मी कुठून आणू? सध्या मूठ दोन्ही वेळा सारखीच खाली येते. हे खोटं आहे हे मला कळतंय, पण खरं कसं करायचं ते कळत नाही. हलकी म्हणजे किती हलकी, तुम्हाला काही आठवतं का?

वेंदुला

ओलोमोउत्स, १४ एप्रिल

चि. वेंदुल्का,

शास्त्रार्थाचा प्रश्न विचारलास, तर प्रयोग केला पाहिजे. जुनी साखळी अजून तळघरात आहे. आमच्याकडे काही टाकलं जात नाही, तुझा डायनामोचा भाग साक्षीला आहे. ती छताच्या आकड्याला बांधली, दुसऱ्या टोकाला बटाट्यांचं पोतं. वीसदा ओढली. मग पोतं सोडून वीसदा. शेजारची बाई जिन्यावर उभी राहून म्हणाली, "अहो झापलेताल, कुणाला फाशी देताय?" मी म्हटलं, "अजून ठरलं नाही."

निष्कर्ष असा. भार असेल तेव्हा मूठ निघते, वीतभर येते, आणि थबकते. झडप अडून बसते, हात जरा थांबतो, मग ती सुटते आणि उरलेलं अंतर सरकते. भार नसेल तेव्हा ती कुठेच थबकत नाही. एकाच दमात खाली येते, आणि हात आपल्याच छातीवर आदळतो. मला दोनदा लागलं.

म्हणजे वजन देऊ नकोस. थांबणं दे. आणि तुटलेल्या केबलीत ते काढून घे. कोणाला कळणार नाही असं वाटेल, पण ज्याने दहा वेळा ओढली आहे त्याला अकराव्यांदा कळेल.

ढगांच्या कडा छान होताहेत का? तू लपूनछपून करते आहेस हे मला पसंत नाही, असं मी मामा म्हणून लिहितो. बाकी मी काहीही लिहीत नाही.

हिनेकमामा

ब्रनो, ८ मे

हिनेकमामा,

बसून वाचा.

ब्लाझेना आठवते ना, चीजवाली? ती आमची चाचणी करते. दिवसभर उडायचं आणि चुका लिहायच्या हे तिचं काम. तिला मी केबलीबद्दल सांगितलं नव्हतं. सातवी मोहीम ती तीन आठवडे उडवत होती. गेल्या गुरुवारी दुपारी तिच्या टेबलावरून असा शब्द ऐकू आला की जो मी तुम्हाला लिहू शकत नाही, ओस्त्रावात तो आशीर्वाद म्हणून चालतो. पाठोपाठ तिने चूक नोंदवली. जशीच्या तशी उतरवते:

'परतताना इंजिनं खोकली. मागे गेले. दोन्ही मुठी ओढल्या. तीन वेळा ओढल्या. काही झालं नाही, चिखलात पडले. आणि शेवटच्या अहवालात तुमचा खेळ मला सांगतो, कर्मचारी राखीव टाक्या उघडायला विसरला. मी विसरले नाही. मी ओढल्या होत्या. माझ्याकडे चित्रफीत आहे. हा अहवाल ज्याने लिहिला त्याला इकडे पाठवा.'

मी चित्रफीत पाहिली. मुठी एका दमात खाली येतात. दोन्ही. ती ओढते, परत ओढते, परत ओढते. अकरातली एक वेळ तिच्या वाट्याला आली होती.

मी केबल बदलली होती मामा, पण मोहीम संपल्यावर जो निकाल येतो त्याला हात लावला नव्हता. तो वेगळा कोड आहे, जुना. तो फक्त टाकी बघतो. भरलेली दिसली की लिहितो, विसरला.

दालिमिल आला. तिच्या खुर्चीवर बसून त्याने चित्रफीत तीनदा पाहिली. मग मुठी स्वतः ओढून बघितल्या, केबल शाबूत असलेल्या आणि तुटलेल्या, आलटून पालटून, चांगल्या पंधरा-वीस वेळा. मला वाटलं आता माझी पेटी भरायची.

म्हणाला, "ही थांबते. ही थांबत नाही."

"हो."

"मी सांगितलं होतं नको म्हणून."

"हो."

"आणि हा निकाल लिहिणारा मूर्ख कोण?"

मी म्हटलं, "तू. २०१४ साली. खाली तुझी सही आहे."

तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. म्हणाला, "टाकी भरलेली असली तर दुसरं काय सुचणार होतं मला?"

मी म्हटलं, "त्या अधिकाऱ्यालाही नाही सुचलं."

ब्लाझेना मागून म्हणाली, "मला आधी माफी पाहिजे, मग गप्पा मारा." त्याने माफी मागितली. तिची. मग म्हणाला, मजकूर बदलून आण, आत्ता.

तो आता असा आहे. यापेक्षा जास्त मला लिहिता आलं नाही, कारण यापेक्षा जास्त कुणालाच माहीत नाही:

'परतताना इंजिनं बंद पडली. विमान किनाऱ्यावर कोसळलं, दोघे ठार. राखीव टाक्या भरलेल्या सापडल्या. केबली सापडल्या नाहीत. रेडिओवाला रोस्तिस्लाव झापलेताल याने सांगितलं: मी ओढली होती.'

पूर्ण नाव घातलंय. 'आर.' नाही.

यातून त्यांनी ओढली हे सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण ओढली असती तरी निकाल तोच आला असता, हे आता आमच्या यंत्राने स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय. ब्लाझेनाकडे चित्रफीत होती. आजोबांकडे नव्हती, एवढाच फरक.

२५ मेची तारीख कायम आहे. ढग अजून कापसासारखेच आहेत.

तुमची,
वेंदुला

ओलोमोउत्स, ३ जून

प्रिय वेंदुल्का,

बटण मिळालं. न सांगता बसवलंस. टक् आवाज उत्तम आहे, बोट दुखतं. माझी तक्रार मी मागे घेतो. डायनामोचं देणंही फिटलं.

सातवी मोहीम मी आजवर एक्केचाळीस वेळा केली. केबल एकदाही तुटली नाही. दर वेळी इंजिनं खोकतात, मी उठून मागे जातो, मुठी ओढतो. वीतभर येतात, थबकतात, सुटतात. मग सहाच्या सहा जणांना घेऊन घरी उतरतो. एक्केचाळीस वेळा उतरलो. आईला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, आता पुरे, जेवण गार होतंय.

प्ल्झेनच्या एका निवृत्त अभियंत्याने तुमच्या चर्चापानावर लिहिलं आहे की दोन केबली एका तुकड्याने तुटणं ही भावनिक कल्पना आहे. मी त्याला उत्तर दिलं: दहा हजारांत अकरा वेळा मी भावनिक होतो, उरलेल्या वेळी तुम्ही बरोबर आहात. आणि तिकडच्या दप्तराला पत्र लिहिलं आहे. अहवाल बदला म्हणत नाही. त्यांच्या वाक्याखाली तुझं वाक्य जोडा म्हणतो, 'केबली सापडल्या नाहीत.' त्यांनी तीन ओळींत कळवलं की तशी पद्धत नाही. ठीक. मी दर जानेवारीला लिहीन. मला पोस्टाचा कंटाळा नाही, आणि आमच्या घराण्यात माणसं उशिरापर्यंत टिकतात. त्यांनी पद्धत पाडावी.

दालिमिलला माझा नमस्कार सांग. आपण लिहिलेल्या वाक्याखाली आपली सही आहे हे ऐकून जो गप्प बसतो, तो वाईट माणूस नव्हे. आयुष्यभर मी उलट प्रकारचे पाहिले. ब्लाझेनाला वेगळं पार्सल पाठवलं आहे, चारपदरी गुंडाळून.

आता एक राहिलं. फेब्रुवारीत तू विचारलं होतंस, कशावरून. मी साखळीचं सांगितलं. ते खरं आहे. त्याच्या पुढचं सांगितलं नाही.

१९७८. मी पंधरा वर्षांचा. शाळेचा कागद आला की वडिलांच्या नोंदी पाहता मला पुढे शिकायला पाठवता येणार नाही. मी तो कागद घेऊन स्वयंपाकघरात गेलो. बाबा बटाटे सोलत होते. मी त्यांना म्हणालो, "तुम्ही विसरलात. एकदा कबूल का करत नाही? तुम्ही विसरलात, दोन माणसं मेली, आता तिसरा मी."

तोवर असं कोणीही म्हटलं, चौकशीत, वीटभट्टीत, दारू पिऊन भांडणात, तरी ते एकच वाक्य बोलायचे: मी ओढली होती. आवाज न चढवता, पण बोलायचेच. आम्हाला ते पाठ होतं.

मला ते वाक्य म्हणाले नाहीत. सोललेला बटाटा पाण्यात टाकला, सुरी पुसली, आणि म्हणाले, "असेलही."

त्यानंतर बारा वर्षं जगले. नव्वद साली वसंतात गेले. सरकारचं माफीपत्र आठ महिन्यांनी आलं, ते मी घेतलं. पण त्या बारा वर्षांत 'मी ओढली होती' हे त्यांच्या तोंडून पुन्हा कधी ऐकलं नाही. कोणी विचारलं तर विषय बदलायचे. संडासात नवी साखळी बसवली होती, तीही मग एकदाच ओढू लागले.

तू त्यांचं ते वाक्य त्यांच्या नावासकट परत लिहिलंस. लाखभर लोक ते वाचतील, काहींना पटेल, काहींना नाही. त्या लोकांची मला काळजी नाही. त्यांच्याशी मी भांडेन, मला जमतं.

मला भीती एवढीच वाटते, की त्या दिवशी बाबांना माझं पटलं असेल.

हिनेक